बटण उजवीकडे

ज्येष्ठांसाठी बांधलेल्या एका संकुलातलं नमुन्याचं घर आम्ही पाहत होतो. माझा नवरा न्हाणीघराशी गेला आणि त्याचा हात डावीकडच्या कोऱ्या भिंतीवर चाचपडू लागला.

"दिवे गेलेत वाटतं," तो म्हणाला.

"काका, बटण उजवीकडे आहे," घर दाखवणारी मुलगी म्हणाली. "होईल सवय."

पाच मिनिटांनी त्याचा हात पुन्हा डावीकडेच गेला. आमच्या घरी बटण डावीकडे आहे, गेली सव्वीस वर्षं.

सवय होणार नाही. नवीन काही आता त्याच्या डोक्यात टिकायचं नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि यंदा तो जिन्यात दोनदा पडला. म्हणजे हलायला हवंच. मी चार जागा पाहिल्या; लिफ्ट, पाणी, दवाखाना, सगळं तपासलं. निवृत्तीनंतर कुठे राहायचं हे माणूस डोक्याने ठरवतो, पण राहतो हातापायांनी. डोळे मिटून वावरता येतं ते घर. ते विकत मिळत नाही, राहून राहून होतं. त्याच्यासाठी आता कुठलंच होणार नाही.

"तळमजल्यावरचं द्या," मी मुलीला सांगितलं.

गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "बरं होतं गं घर. कोणाचं होतं?"

"आपलं," मी म्हटलं. "पट्टा लाव."