जिभेवरचा लाल उजेड

बिस्किटांच्या कारखान्यात तिला सगळे ताई म्हणत. भट्टीतून निघालेल्या प्रत्येक खेपेचं पहिलं बिस्किट तिच्या तोंडात जायचं. साखर चमचाभर इकडची तिकडे झाली, तरी ताईची भुवई वर चढायची. बावीस वर्षं तिने मान हलवली की माल पुढे जायचा.

मग एक ताप आला आणि तोंडाची चवच घेऊन गेला. बिस्किट चावलं की ओला पुठ्ठा चावल्यासारखं वाटे. महिनाभर तिने कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. रंग बघून, कुरकुर ऐकून मान हलवत राहिली. शेवटी दुप्पट मीठ पडलेली अख्खी खेप दुकानांतून परत आली आणि बोलणी बसली भट्टीवाल्याला. तेव्हा मात्र ती साहेबांपुढे जाऊन उभी राहिली.

"चूक त्याची एकट्याची नाही. मला चवच लागत नाही."

साहेबांनी तिला पुडे बांधायला बसवलं. "बरं वाटेपर्यंत," म्हणाले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जिभेवर लाल प्रकाश देऊन बघू. बारा वेळा यावं लागेल. गुण येईलच असं मात्र सांगत नाही."

डोळ्यांवर काळा चष्मा, तोंड वासलेलं, हनुवटीवर लाळ. पेनाएवढी दांडी जिभेवर जागा बदलत फिरायची. दुखायचं नाही. काहीच व्हायचं नाही, आणि तिला तेच खायला उठायचं.

सातव्या वेळेनंतर घरी जेवताना ती घास घेता घेता थांबली. "अहो, मीठ लागतंय."

"हो, आज जरा जास्तच पडलंय," नवरा म्हणाला. हल्ली स्वयंपाक तोच करायचा.

दोनच दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी जिभेवर थेंब टाकला. "खारट," ताई लगेच म्हणाली.

"हे साधं पाणी होतं."

जिना उतरताना नवरा हळूच म्हणाला, "त्या दिवशी मी मीठ घालायला विसरलो होतो."

"मग सांगितलं का नाहीत?"

"कितीतरी दिवसांनी तू हसली होतीस."

उरलेल्या वेळाही तिने पूर्ण केल्या. फरक पडला नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता वाट बघणं एवढंच हातात आहे.

तिच्या जागी आलेली मुलगी एकदा बिस्किट घेऊन पुड्यांच्या टेबलाशी आली. "ताई, हे कडवट लागतंय का हो?"

ताईने तुकडा तोंडात टाकला. बराच वेळ घोळवला. मुलगी तिच्या भुवईकडे बघत होती.

"मला नको विचारूस, बाई," ताई म्हणाली. "तुला कडवट लागलं ना? मग ते कडवटच."

आणि तिने पुढचा पुडा ओढून घेतला.