लाल तोंड

माझ्या आत्यानं नकाशांच्या कचेरीत तीस वर्षं रेघा मारल्या आणि निवृत्त होताच ती चित्रकादंबरी काढायला बसली. तिचा हट्ट एकच: कागदावर पडलेलं काही खोडायचं नाही, गोष्टीत घ्यायचं. तिसऱ्या पानावर नायिकेच्या तोंडावर शाई सांडली, तेव्हापासून तिला चेहऱ्याच्या जागी विहीर आहे.

संपादकानं मूळ पानावरच लाल पेनानं गोल करून लिहिलं, "इथे चेहरा हवा."

"मूळ पानावर? हात कसा धजावला मेल्याचा!" आत्या कडाडली आणि तिनं लाल शाई आणवली.

पुढच्या पानापासून एक लाल तोंड "चेहरा हवा, चेहरा हवा" करत गावभर फिरतं. शेवटी ते नायिकेच्या विहिरीत डोकावतं आणि आत पडतं.

पानं त्याच संपादकाकडे गेली. सोबत चिठ्ठी होती: "आणखी काही सुचलं तर खुशाल पानावरच लिहा. विहीर अजून भरलेली नाही."