धम्मपालचा पितळी दांडा

चिकलठाण्याच्या कारखान्यात, पत्रा ठोकणाऱ्या प्रेस शॉपमध्ये एकतीस वर्षं काढल्यावर धम्मपालला पेन्शन मिळाली थोडी आणि बहिरेपण भरपूर. बारीक, उंच सूर तर पार गेले. आणि गंमत बघा, निवृत्तीनंतर गड्यानं धंदा कोणता धरावा, तर जुने रेकॉर्ड प्लेयर दुरुस्त करायचा. हाताला कसब होतं, म्हणून गिऱ्हाईक यायचं. कानांचं काम बायको करायची. सुलेखा भाजी निवडता निवडता ऐकायची, त्याला सांगायची, आणि तो तेच स्वतःचं मत म्हणून ऐटीत पुढं करायचा. दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. कामानं नाही, या लपवाछपवीनं तो थकला होता.

त्या रविवारी दातांचे डॉक्टर इंद्रजीत यायचे होते. त्यांना टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, घ्यायचा होता. दोन त्यांनी दुकानातून बघायला आणून दिले होते, एक सव्वादोन लाखांचा, दुसरा पस्तीस हजारांचा. तिसरा धम्मपालनं आठ महिने खपून लेथवर घडवलेला, नऊ हजारांचा. काका म्हणतील तोच घेणार, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. घरचा दांडा पसंतीला उतरला असता, तर त्यांचे मित्रही मागणार होते.

सकाळी धम्मपालनं तिन्ही आळीपाळीनं बसवले. सुई तीच, तबकडीही तीच, सुलेखाच्या वडिलांची. त्यांची, फुलंब्रीच्या कडुबांची, सगळी हयात गायन पार्टीत गेली, पण रेकॉर्ड निघाली एवढी एकच. पहिल्या दोन दांड्यांत सुलेखाला काही फरक वाटला नाही. तिसरा वाजला तेव्हा तिनं हातातली भाजी खाली ठेवली.

"खरं सांगू का? आबा कडव्याच्या आधी दम घेतात ना, तो तुमच्या दांड्यावर ऐकूच येत नाय."

धम्मपालनं बोटानं दांडा तोलून पाहिला. दांडा त्यानं चांगल्या जाड पितळेचा केला होता. जड तेवढं मजबूत, हे प्रेस शॉपचं शहाणपण त्यानं इथंही चालवलं होतं, आणि त्या वजनाखाली बारीक आवाज दबून गेले होते. कान धड असते तर पहिल्याच आठवड्यात चूक कळली असती. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

डॉक्टर आले. त्यानं त्यांना पस्तीस हजारांचाच घ्यायला सांगितलं. वरच्या दोन लाखांत जास्तीचं काहीच ऐकू येत नाही म्हणाला. मग डॉक्टरांनी घरच्या दांड्याचं विचारलं.

"तो नका घेऊ. आन् डॉक्टरसाहेब, हे कान माझे नायत. दोन वर्षं झाली, हिचं ऐकूनच सांगतोय."

 डॉक्टरांनी खुर्ची सुलेखाकडे वळवली आणि पुढचं सगळं तिलाच विचारलं. दोघं काय बोलत होते, ते धम्मपालला नीट कळलं नाही. जाताना ते पस्तीस हजारांचा घेऊन गेले आणि मित्राची मशीन काकूंना ऐकवायला आणतो म्हणाले.

घरचा दांडा अजून मशीनवरच होता. तो काढायला धम्मपालनं पेचकस उचलला.

"राहू द्या," सुलेखा म्हणाली. "आपल्या घरी वाजंल."

"आबांचा दम येत नाय त्याच्यावर."

"कुठं दम घेतात, ते मला पाठ हाय."