हॉट प्रेसमधलं विरजण

रविवारी आयर्लंडमधल्या पोर्टलीशच्या आमच्या घरात दह्यावरून गंमत झाली... पण आधी आईबद्दल सांगते.

बाबा गेले आणि मी आईला नाशिकहून इथे घेऊन आले. ती वेळेवर जेवते, झोपते, पण बाबांचा विषय निघाला की उठून भांडी आवरायला लागते. मी डॉक्टर, रोज कितीतरी नातेवाइकांना धीर देते... घरात मात्र मीही तिच्याशेजारी भांडी पुसायला लागते.

त्यात इथल्या थंडीत आईचं दही लागेना! शेवटी भांडं हॉट प्रेसमध्ये ठेवायचं ठरलं, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीचं कपाट, जिथे आम्ही टॉवेल ठेवतो.

रविवारी तिने विरजण लावलं आणि माझी ग्रीक सहकारी एलेनी चहाला आली. तिची आजीही म्हणे दह्याच्या भांड्याला कोणाला हात लावू देत नसे. त्यावरून तिने स्थिरतेसाठीचा त्यांचा जुना शब्द सांगितला, एफ्स्ताथिया. भक्कम बांधलेलं घर, निवळलेली हवा, धडधाकट तब्येत आणि न डगमगणारं मन... सगळ्यांना तो चालायचा. आयर्लंडच्या हवेला कधी लागू पडणार, देव जाणे!

मी आईला हे मराठीत सांगितलं. ती कपबशा आवरायला उठली.

एलेनी गेल्यावर मला राहवेना. हळूच कपाट उघडलं, झाकण उचललं, भांडं जरासं कलतं करून पाहिलं...

"ठेव ते खाली! अगदी बाबांवर गेलीयेस. त्यांनाही दम म्हणून नव्हता, सारखं आपलं झाकण उघडून बघायचं!"

आणि आई हसली... मग हसता हसता रडली. आम्ही दोघी तिथेच टॉवेलांशेजारी जमिनीवर बसलो. नाशिकचं स्वयंपाकघर, गव्हाच्या डब्याआड जुन्या शालीत गुंडाळलेलं भांडं, आणि चोरपावलांनी येणारे बाबा... ती बोलतच राहिली. मलाही तो झाकणाचा आवाज आठवला.

सकाळी दही लागलं होतं, पण एका बाजूला पाणी सुटलेलं. माझी कृपा! "असू दे, आपल्याकडे नेहमी असंच असायचं," म्हणत आईने पहिली वाटी स्वतःसाठी घेतली.

एलेनीच्या शब्दात माझ्याकडून एका अर्थाची भर... गेलेल्या नवऱ्याच्या खोड्या सांगत दही खाणारी माझी आई.

थँक्यू बाबा, तुमची ती वाईट खोड मला दिल्याबद्दल.