सातवी खाडी

"बाई अखेर राक्षस-चेटकिणी सोडून साहित्याकडे वळल्या, याचा समितीला विशेष आनंद आहे," परीक्षकांचे अध्यक्ष माइकवर म्हणाले. सभागृहात टाळ्या झाल्या. माझ्या शेजारी, पहिल्या रांगेत बसलेल्या ज्युडिथ आंटी माझ्या कानाशी वाकल्या.

"मानसी, हा सत्कार आहे की मयत?"

मी तेव्हा साकीनाक्याच्या एका प्रकाशन संस्थेत संपादक होते. संपादक म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ बघणारी बाई, असं लोकांना वाटतं. ते काम प्रूफरीडर करतो. संपादकाने लेखकाला नको ते प्रश्न विचारायचे असतात. 'हा माणूस मागच्या भागात बुडाला होता, मग इथे जेवायला कसा बसलाय?' असे. ज्युडिथ मिरांडांना मी असे प्रश्न सहा कादंबऱ्या विचारले.

आंटी मरोळच्या गावठाणातल्या. बँकेतून रिटायर झाल्यावर लिहायला लागल्या आणि थांबल्याच नाहीत. एक भाग छापून येईपर्यंत पुढचा अर्धा झालेला असायचा. मालिकेचं नाव 'सातखाडी'. बुडालेली माणसं खाडीखालच्या सात राज्यांत राहतात. दर भरतीला प्रत्येकाने आपली एक आठवण समुद्राला द्यायची, तरच पुढचा दिवस मिळतो. मिठागरात वाढलेली फिलू हे सगळं थांबवायला निघते आणि जाता जाता स्वतःच्याच आठवणी देत जाते. सहाव्या भागाच्या शेवटी तिच्याकडे फक्त तिचं नाव उरलंय आणि भरती यायला लागलीय. प्रदर्शनात कॉलेजची मुलं काउंटरवर येऊन विचारायची, "सातवा कधी?"

वाचक होते, पण पुरस्कार नव्हता. पुस्तक पाठवायचं कुठल्या गटात? बालसाहित्यवाले म्हणायचे, हे मोठ्यांचं आहे. कादंबरीवाले म्हणायचे, हे मुलांचं आहे.

त्याच सुमारास आंटींची आई वारली. शेवटची काही वर्षं तिला विस्मरणाचा आजार होता. आमचे मालक करमरकर सर भेटायला गेले आणि तिथेच म्हणाले, "आंटी, आईवर एक साधं, खरं पुस्तक लिहा. पुरस्काराला पाठवतो. एकदा नाव झालं, की सातवा भाग दणक्यात काढू."

आंटींनी ते लिहिलं. लहानसं, चांगलं पुस्तक होतं. त्यालाच हा पुरस्कार.

नाव पुकारल्यावर आंटी स्टेजवर गेल्या. शाल घेतली, माइक स्वतःच खाली ओढला. "माझी आई रोज थोडी थोडी विसरत होती," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा शेजारी, मग भाऊ, मग मी. ते सरळ लिहायची माझ्यात ताकद नव्हती, म्हणून मी खाडी लिहिली. आज तुम्ही ज्याला बक्षीस दिलंत, ते माझं आधी सहा वेळा लिहून झालंय. तुम्ही ते उघडलं नाहीत."

लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनीही वाजवल्या. बहुतेक त्यांना तो विनय वाटला.

नंतरच्या सोमवारी मी सरांच्या केबिनमध्ये गेले. सातवा भाग आंटींनी पूर्ण केला होता. मी तो वाचला होता. सहाही भागांपेक्षा सरस होता.

"सर, सातवा प्रेसला लावूया?"

"आता नको गं. पुरस्कारवाल्या लेखिकेने परत भुतंखेतं? इमेजची वाट लागेल."

"तुम्ही शब्द दिला होता त्यांना."

"तेव्हा पुरस्कार नव्हता. आंटींना सांग, आता वडिलांवर लिहा. आणि सातखाडीचं रीप्रिंट थांबव."

रीप्रिंट म्हणजे संपलेलं पुस्तक पुन्हा छापणं. ते थांबलं की पुस्तक हळूहळू दुकानांतून नाहीसं होतं. कोणी बंदी घालायची गरज पडत नाही.

मी निरोप घेऊन मरोळला गेले. आंटी मासे साफ करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"माझ्या बाबाला मी दोन वर्षांची असताना शेवटचं बघितलं. काय लिहू? हे बघ, त्यांना नको ना, मग मी दुसऱ्याकडे देते."

ते एवढं सोपं नव्हतं. आमच्या करारात 'प्रथम हक्क' नावाचं कलम असायचं. मालिकेचा पुढचा भाग लेखकाने आधी आम्हालाच द्यायचा. आम्ही नाही म्हटलं, तरच तो दुसरीकडे दाखवता येतो. म्हणजे आंटींना हवा होता तो आमचा नकार.

मी परत केबिनमध्ये गेले. "सर, मग 'नको' असं लिहून द्या. त्या दुसरीकडे जातील."

"नको कशाला म्हणू?" सर हसले. "उद्या एखाद्या वेब सिरीजवाल्याने विचारलं तर? आपला विचार चालू आहे म्हणून सांग."

"छापायचं नाही आणि सोडायचंही नाही?"

"मानसी, तू संपादक आहेस ना? मग धंदा माझ्यावर सोड."

आंटींनी एका वकिलाला विचारलं. तो म्हणाला, भांडता येईल, पण कोर्टात किती वर्षं जातील ते मला विचारू नका. त्या भांडल्या नाहीत. सहा भाग लिहिताना मी त्यांना कधी थकलेलं पाहिलं नव्हतं. आता फोन केला की म्हणायच्या, "काय लिहू गं? पुढचं सुचलं, तरी ते तुझ्या सरांकडेच जाणार."

त्या वर्षी बोरिवलीच्या प्रदर्शनात आमच्या स्टॉलवर आईवरच्या पुस्तकाची चळत होती, मुखपृष्ठावर सोनेरी गोल स्टिकर लावलेली. सातखाडीची एकही प्रत नव्हती. एक मुलगी आली. सहावा भाग तिने मैत्रिणीकडून घेऊन वाचला होता. "मॅडम, फिलूचं नाव वाचतं का हो?"

मला उत्तर माहीत होतं. ते वाचलेली आंटींखेरीज मी एकटीच. काय सांगणार? सरांनी सांगितलेलंच म्हणाले, "विचार चालू आहे."

थोड्याच दिवसांनी मी ती नोकरी सोडली. आता शाळांच्या गाइडांचं संपादन करते. त्यात कोणी बुडत नाही. सातवा भाग अजून तिथेच अडकलाय आणि आंटींनी त्यानंतर एक ओळ लिहिलेली नाही.

नवे लेखक कधी सल्ला विचारतात. पुरस्कार कसा मिळवायचा हे मला माहीत नाही. एवढंच सांगते, की करारावर सही करण्याआधी, प्रकाशकाने 'नाही' कधीपर्यंत म्हणायचं, याची तारीख लिहून घ्या.