हंबीरमामांचे तीन काप

कोल्हापुरातल्या एका मेंदूच्या दवाखान्यात ऑपरेशनआधी डोकं भादरायचं काम हंबीरमामांकडं. बावीस वर्षं डोकी हाताळून त्यांना स्कॅनच्या फिल्माही वाचता येऊ लागल्या, निदान त्यांना तसं वाटे. नव्या सिस्टरांना ते आपल्या भाषेत शिकवत. नाकापासून मानेपर्यंत उभं चिरून डावं-उजवं वेगळं करतो तो सॅजिटल, म्हणजे भांगाचा काप. या कानापासून त्या कानापर्यंत उभा उतरतो तो कोरोनल, गजऱ्याचा. आणि आडवा, टोपी उचलावी तसा, तो ॲक्सिअल, फेट्याचा. डॉक्टर आदितीसुद्धा कधीकधी "फेट्याचा दाखवा" म्हणत. मग मामांची मान आठवडाभर ताठ.

त्या सकाळी पेठ वडगावच्या तानाबाई आल्या. पंधरा दिवसांपूर्वी लेकाच्या गाडीवरनं पडल्या होत्या; आता कवटीखाली रक्त साकळलेलं आणि गुंगी वाढत चाललेली. डॉक्टर आत हात धूत होत्या. फाईल खाली विम्याच्या टेबलावर अडकलेली. वर आली होती नुसती फेट्याच्या कापाची फिल्म.

"मामा, डावीकडं हाय बघा डाग," नवी सिस्टर स्वप्नाली म्हणाली. "आटपा लवकर."

मामांनी पाहिलं. डाग डाव्याच हाताला. उभा जन्म आरशासमोर गेलेला; आरशात गिऱ्हाइकाचा डावा कान डावीकडंच दिसतो.

"व्हय, डावीच की." त्यांनी केस भिजवले, वस्तरा उघडला. "आक्का, दोन्ही हात पोटावर घ्या बघू."

उजवा हात आला. डावा जागचा हललाच नाही.

मामांचा वस्तरा हवेतच थांबला. मेंदूची उजवी बाजू डावं अंग चालवते, हे आदिती मॅडमनीच त्यांना सांगितलं होतं. मग रक्त डावीकडं कसं?

"मामा, थांबलात का?"

"वस्तरा लावत न्हाय. मॅडमना इचार आधी."

"तुम्ही कधीपासून डॉक्टर झालात? बाई घोरायला लागल्या बघा!"

खरंच घोरत होत्या. मामांच्या कपाळावरचा घाम नाकावर आला.

"म्हणून तर पळ म्हणतोय!"

स्वप्नाली धावली. दारातून मॅडमचा आवाज आला, "अहो, फिल्म पायाकडून वर बघितल्यासारखी असते! माणूस समोर उभा असल्यासारखी, उलटी. उजवी बाजू! कोपऱ्यातला राइटचा आर दिसला नाही? मी आत पुन्हा बघतेच, पण मिनिटं घालवू नका."

"माझंच चुकलं," मामा पुटपुटले. तीन मिनिटांत उजवी बाजू गुळगुळीत. स्ट्रेचर आत गेल्यावर मामांनी फिल्म पुन्हा उजेडाला धरली आणि कोपऱ्यातला आर स्वप्नालीला बोटानं दाखवला. दोघंही दाराकडं बघत बसले.

दुसऱ्या दिवशी मामा वॉर्डात डोकावले. तानाबाईंचा डावा हात सावकाश वर आला, पट्टीच्या कडेनं चाचपत गेला आणि कानामागं थांबला.

"पावणं," त्या खणखणीत म्हणाल्या, "हितं चार केस ऱ्हायल्यात की!"

"व्हय आक्का," मामा म्हणाले आणि डोळे पुसत बाहेर सटकले.