बॅटरी ठणठणीत, गाडी ठप्प

आमच्या घरात विजेचं ज्ञान फक्त मलाच आहे, असं माझं प्रामाणिक मत होतं. मी जैनथजवळच्या शाळेत चौदा वर्षं भौतिकशास्त्र शिकवत होते, नवरा वासुदेव कापूस पिकवत होता, आणि सासरे, म्हणजे मामाजी, ओसरीत बसून दोघांना सल्ले देत होते.

आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले आणि आम्हा शिक्षकांना विचारण्यात आलं, तुम्हाला कुठला हवा? अर्ज स्वतः आदिलाबादला नेऊन द्यायचा. राहिला, तर नेमतील तिथे जायचं! (म्हणजे मी तिकडे, कापूस इकडे, आणि लेकीच्या वेण्या कोण घालणार?) मी अर्थातच शेवटच्या दिवसापर्यंत थांबले. त्या सकाळी वासुदेवांनी मोटरसायकलचं बटण दाबलं. गाडी म्हणाली, "टक्."

पुन्हा दाबलं. आता 'टक्'सुद्धा नाही. किकलाही दाद नाही.

"बॅटरी गेली," वासुदेव म्हणाले. "चाल, दहाच्या बसनं जाऊ."

"अंदाजानं नका बोलू, मोजून पाहू!"

मी शाळेचा मल्टिमीटर आणला आणि बॅटरीच्या दोन्ही टोकांना लावला. साडेबारा व्होल्ट! "पाहा! बॅटरी ठणठणीत हाय. बिघाड पुढं हाय."

ओसरीतून मामाजी म्हणाले, "सूनबाई, माह्या मोटरपंपाचं एकडाव असंच..."

"मामाजी, हा पंप नाई!"

फ्यूज काढून पाहिला. शाबूत! स्विचच्या तारा सोडल्या, मोजल्या, जोडल्या. दहाची बस हॉर्न वाजवत निघून गेली. (तिचा वाजत होता.)

"काऊन हट्ट करून राह्यली? ऑटो उभा हाय!"

"पाच मिनिटं!"

ऑटोही गेला. मग मला चार्जिंगचा संशय आला. इंजिन चालू असताना व्होल्टेज चढायला हवं, हे मी वासुदेवांना वहीत आकृती काढून समजावलं. त्यांनी मन लावून ऐकलं आणि विचारलं, "पन इंजिन चालू कुठं हाय?"

मुद्दा बिनतोड होता. म्हणून गाडी ढकलायची ठरली. मी वर, वासुदेव मागे, अशी आम्ही मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन आलो. देवळापाशी लोकांनी दोघांना हात जोडले. गाडीनं मात्र 'हूं' केलं नाही.

"सूनबाई, पंपाचं सांगू का?"

"नंतर, मामाजी!"

बारा वाजता मामाजी स्वतःच उठले. गाडीशी उकिडवे बसले. बॅटरीची काळी तार बोटानं धरत धरत, ती गाडीच्या सांगाड्याला, म्हणजे चेसिसला, जिथे बोल्टनं कसली होती तिथे पोचले. "ह्या जागी रंग कोनं मारला?"

वासुदेव माझ्याकडे पाहू लागले. आदल्या दिवशी नंबरच्या पाटीवरचं आंध्रचं एपी खोडून तेलंगणाचं टीएस मीच रंगवलं होतं. काळा रंग उरला, म्हणून तार सोडून गंजक्या चेसिसलाही दोन हात दिले, आणि तार पुन्हा त्या रंगावरच कसून बसवली! अजून तो पुरता वाळलाही नव्हता.

"रंगातून करंट कसा जाईन? माह्या पंपाच्या तारेखाली गंज होता, तवा असंच झालतं. तेच सकाळपासून सांगून राह्यलो!"

रंगातून वीज वाहत नाही, हे मी दरवर्षी दहावीला शिकवते. दोन गुणांचा प्रश्न आहे.

मामाजींनी खुरप्यानं रंग खरवडला, मी तार कसली, वासुदेवांनी बटण दाबलं. गाडी अशी गरजली, की कोंबड्या छपरावर गेल्या!

"आता बंद नका करू!" तशाच हातानं अर्ज उचलत मी ओरडले. वासुदेवांनी आज्ञा इतकी पाळली, की मी कचेरीत रांगेत असताना ते बाहेर गाडी चालू ठेवूनच उभे होते. (पेट्रोल संपल्यावर ती आपोआप बंद झाली.)

खिडकीपाशी पोचले तेव्हा चार वाजले होते. अर्ज घेतला गेला, आणि पुढे जिल्हाही आदिलाबादच मिळाला. पण कारकुनानं आधी तो कागद बराच वेळ न्याहाळला. वर लिहिलं होतं, 'शिक्षिका, भौतिकशास्त्र.' खाली सहीच्या जागी माझ्या अंगठ्याचा काळाकुट्ट ठसा, रेषान् रेषा स्पष्ट!

त्यानं हळूच विचारलं, "मॅडम, दस्तखत नहीं आती?"

"आती है," मी म्हणाले. "लेकिन आज अंगूठा ही रहने दो."